लिस्बनच्या जहाजावरचं घंगाळ

सदाशिव पेठ, पुणे
२ एप्रिल २००३

ती. इनासकाकांस,

एडविनाचा नमस्कार. आशीर्वाद मागते; पत्र वाचून झाल्यावर दिलात तरी चालेल. तुमचा गुडघा, काकूची साखर आणि कौलांवर वाकलेला तो माड, तिघांची खुशाली कळवा. मी बरी आहे. ई-मेलऐवजी पत्र लिहिते आहे, कारण तशी तुमचीच ताकीद आहे (माडबंदरचा सायबर कॅफेवाला कैतान अल्मेडांचा जावई असून तो लोकांची मेल उघडून देता देता वाचतोही).

नाताळात तुम्ही मला दोन कामं सांगितलीत. आपल्या चर्चला या ईस्टरला शंभर वर्षं होतात, म्हणून तुम्ही वहीत लिहिलेला चर्चचा इतिहास पुण्यात छापून घेणं, हे एक. आणि ज्या तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने तुमचा, माझा आणि अख्ख्या गावाचा बाप्तिस्मा झाला, त्याचा पोचा कसबा पेठेतल्या तांबटाकडून काढून आणणं, हे दुसरं. त्यावर सूचना एकच : 'तळाच्या निळ्या रंगाला हात लावू देऊ नकोस.' रंगाचं कारण सांगितलं नव्हतंत. पोच्याचं मला माहीत होतं. ईस्टरच्या शनिवारी विहिरीवरून त्या भांड्यात पाणी भरून आणायचा मान आपल्या घराचा, कारण तुमच्या वहीप्रमाणे लिस्बनहून आलेलं जहाज खडकावर फुटलं तेव्हा आपल्या पूर्वजाने पोहत जाऊन ते भांडं बाहेर काढलं. भांड्याला दोन कड्या आहेत आणि दुसरी कडी त्यांच्या पूर्वजाने धरली होती, असं अल्मेडा म्हणतात. त्यामुळे गेल्या वर्षी तुम्ही आणि कैतानकाका एकेक कडी धरून, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या वेगाने चाललात. पायरीवर भांडं आपटलं ते तेव्हा.

प्रवास ठीक झाला. एसटीत मी भांडं खिडकीशी ठेवलं, तर कंडक्टर म्हणाला, "भांड्याला खिडकी कशाला? त्याला काय बघायचंय?" मग ते मांडीवर घेतलं. घाटात शेजारच्या बाईंना मळमळायला लागलं आणि त्यांनी भांड्याकडे फार आशेने पाहिलं. भांडं बाप्तिस्म्याचं आहे हे समजावून सांगण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, म्हणून मी त्यांना माझी सॅक दिली. (सॅक नवीन होती. ही तक्रार नाही, नोंद आहे.)

इथे माझ्या घरमालकीण यमुनाबाई यांनी भांडं दारातच ओळखलं. "घंगाळ कशाला आणलंस? गीझर आहे की." हे आंघोळीचं घंगाळ नसून पोर्तुगीज जहाजावरचं पवित्र पात्र आहे, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "असेल. लिस्बनचे लोकही आंघोळ करत असतीलच." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतले, तर त्यात त्यांची गोधडी भिजत होती. एवढं मोठं भांडं रिकामं ठेवलेलं त्यांना बघवेना. (साबण घातला नव्हता. मी विचारून घेतलं. फादरना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.)

पुढच्या रविवारी घंगाळ घेऊन कसब्यात गेले. (मीही आता त्याला घंगाळच म्हणते, सवय झाली.) दशरथ तांबट म्हणून सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांनी भांड्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "आमच्याच आळीतलं आहे. ठोके कळतात." मी म्हटलं, पोर्तुगीज आहे. ते म्हणाले, "असू दे. ठोके मारून घ्यायला इथे आले असतील." मी तुमची निळ्या रंगाची सूचना त्यांच्या कानावर घातली. त्यावर त्यांनी तांबं तापवल्याशिवाय नरम होत नाही आणि तापवल्यावर रंग राहत नाही, एवढंच सांगितलं. तर्कात दोष नव्हता. त्यांनी तापवलं, रंग गेला, आणि तळावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं निघाली. जशीच्या तशी देते :

'सौ. सरुबाईचे बाळंतपणांत जिवापाड कष्ट केले सबब अनामारीबाई लोबो हीस भेट. कसबा पेठ, पुणे. शके १८५१.'

म्हणजे सन १९२९. अनामारी लोबो म्हणजे तुमची आजी, माझी पणजी. तुमच्या वहीत तिच्यावर एकच वाक्य आहे : 'आजी काही वर्षे नोकरीनिमित्त परगावी होती.' जहाजाला साडेसहा पानं आहेत.

माझं ऑफिसातलं काम इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं आहे. चूक दाखवली की लिहिणाऱ्याला आनंद होत नाही, हे मला माहीत आहे. पण काका, जरा शांतपणे हिशोब मांडा. जहाज ठेवलंत, तर अल्मेडांची निम्मी कडी कायम राहते, कारण किनाऱ्यावर कोण कोण होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. घंगाळ ठेवलंत, तर मान पूर्ण आपला. सरुबाईच्या बाळंतपणाला एकही अल्मेडा हजर नव्हता. तुम्हाला फक्त गावासमोर एवढंच म्हणावं लागेल, की आपण सगळे ज्यात ख्रिस्ती झालो, ते पुण्यातल्या एका बाळंतघरचं आंघोळीचं भांडं आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. बाळं न्हाऊ घालायचंच भांडं आहे ते. काम बदललेलं नाही, पत्ता बदलला.

पोचा निघाला आहे. दशरथरावांनी काम छान केलं. बाकी सगळं ठीक.

तुमची पुतणी,
एडविना

ता. क. इतिहास छापखान्यात गेला आहे, पण जहाजाची साडेसहा पानं मी कोरी ठेवली आहेत. दहा तारखेपर्यंत तिथे आजीबद्दल लिहून पाठवा. तुम्ही तिच्या हातचं जेवला आहात, मी नाही.

ता. क. २ तळाला दरवर्षी, होडीला लावून उरलेला रंग लावायची पद्धत गावात फक्त आपल्याच घरात का पडली, हे मी विचारत नाही. पुन्हा रंग लावायचा नाही, एवढंच कळवते.

ता. क. ३ पाणी भरायचा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा, असं तुम्ही वहीत लिहिलं आहे. भांडं मात्र बाईने मिळवलेलं आहे. तेव्हा यंदा ईस्टरच्या शनिवारी पाणी मी भरणार. काकूला फोनवर सांगितलं, ती हो म्हणाली. घंगाळ माझ्या पलंगाखाली आहे; आम्ही एकाच गाडीने येऊ, नाहीतर दोघंही येणार नाही.

ता. क. ४ भरल्यावर ते फार जड होतं. गुडघा बरा असेल, तर दुसरी कडी तुम्ही धरा.