हिरवं सत्तेचाळीस

वुलनगॉन्ग,
ता. ९ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप नोरीनमावशीस, डॅरिलचा ड्रमच्या दोन्ही काठ्या खाली ठेवून नमस्कार. या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? पत्राला तसं काही कारण नाही, सहज लिहितोय.

आमच्या गाण्याची जन्मकथा मासिकात छापून आली आहे. केव्हनं (आमचा गायक, तुझ्या मते घशात हाड अडकलेला) सांगितलंय, की गाणं समुद्रकाठी एकांतात सुचलं. तू तिथं होतीस, तेव्हा तुझ्यापाशी थापा मारण्यात अर्थ नाही. शेरिल त्याला सोडून गेली, त्यावर त्यानं आठ मिनिटांचं रडगाणं रचलं, आणि फुकट मिळाला म्हणून तुझ्या क्लबाच्या हॉलमध्ये शुक्रवारी आम्ही ते रेकॉर्ड करायला बसलो. शुक्रवारी सहाला तिथं रंगीत तिकिटांवर मटणाच्या ट्रेची सोडत निघते हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक, पण सिडनीहून आलेल्या रेकॉर्डिंगवाल्याला कोण सांगणार? केव्ह डोळे मिटून "परत ये, परत ये" म्हणत होता, तेवढ्यात तू त्याच्या हातातला माईक काढून घेतलास. "हिरवं, सत्तेचाळीस! चॉप्सना घाम फुटलाय, कुणाचे आहेत ते घेऊन जा!" तीनदा पुकारलंस. कुणी आलं नाही. नियमाप्रमाणे दुसरी चिठ्ठी काढलीस आणि ट्रे लागला बार्नी खाटकाला, म्हणजे ज्यानं तो दिला होता त्यालाच. (त्यानं मुकाट्यानं दुकानात परत नेला.)

रेकॉर्डिंगवाल्यानं केव्हची पाच मिनिटं कापली, तुझं एक अक्षर कापलं नाही. आता पर्थपर्यंत लोक तुझ्याबरोबर आकडा ओरडतात. शेरिलनंही कळवलंय, की गाण्यात शहाणपणाची तेवढीच एक ओळ आहे. मग रेडिओवर विचारलं, हा आवाज कुणाचा? केव्हनं माझ्या पायावर पाय दिला आणि मी म्हणालो, "असेल कुणी येणारी-जाणारी बाई." बावीस वर्षं दर शुक्रवारी तिथं उभी राहणारी तू, आणि मी सख्खा भाचा! तेव्हापासून तुझ्याकडचं माझं रविवारचं जेवण बंद झालं, ते योग्यच झालं. मला लाज वाटते, मावशी.

काकांना नमस्कार.

तुझा येणारा-जाणारा भाचा,
डॅरिल

ता. क. शनिवारी मेलबर्नला टीव्हीवर गायचंय. तुझ्या जागी नाटकातली एक बाई उभी करून पाहिली. ती इतकं गोड बोलली, की न्यूकॅसलचे लोक "म्हातारीला आणा!" म्हणून ओरडायला लागले. टीव्हीवाले म्हणतात, रेकॉर्डवरची खरी बाई नसेल तर तुम्हीही नको. गाडीचं तिकीट सोबत आहे. त्या शुक्रवारी घातलेलास तोच जांभळा स्वेटर घाल. तुझं नाव मी सांगेन, केव्हनं दोन्ही पाय दिले तरी.

आणखी एक. मी तुझं कधी ऐकत नाही, असं तू म्हणतेस. सोबतचं दुसरं तिकीट बघ. हिरवं सत्तेचाळीस माझ्याच खिशात होतं. तिन्ही हाका ऐकल्या. उठलो असतो तर ताल मोडला असता. शनिवारी पुकार, मोडला तरी उठून येतो.