थोरलीचा ब्रेक

प्रिय दादा,

तुझं पाकीट मिळून आज सहा दिवस झाले. त्यातला गॅरेजवाल्या मिस्त्रींविरुद्धचा तक्रार अर्ज मी चार वेळा वाचला आणि टेबलाच्या खणात उलटा घालून ठेवला. सही केलीस का, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात फार गर्दी आहे. गर्दी कसली, दोन शेळ्या आणि पाय मुरगळलेलं एक कुत्रं. तुझ्याशी खोटं बोलणं मला आता जमायला लागलंय, आणि त्याचीच धास्ती वाटते. म्हणून फोन न करता लिहायला बसलेय. फोनवर तू चिडलास की माझी जीभ टाळ्याला चिकटते, लहानपणापासून. कागदावर निदान मला कुणी मध्ये अडवणार नाही.

थोरली मागच्या शेडमध्ये उभी आहे. डावी बाजू सोलून निघालीय, दिवा फुटलाय, बाकी तशीच. तू दोन वर्षांचा असताना बाबांनी ही गाडी आणली, तिच्यानंतर मी झाले, म्हणून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ही आमची थोरली लेक आणि ही धाकटी. चावी अर्धी फिरवायची, आतली तार तापेपर्यंत मनात वीस अंक मोजायचे आणि मग स्टार्टर मारायचा. तू नेहमी बारालाच चावी फिरवायचास, ती खोकून गप्प व्हायची आणि बाबा म्हणायचे, साहेबांना गाडी नको, घोडा घेऊन द्या. कुठूनही घरी आलं की बाबा चारही चाकांना तळहात लावून बघत. एखादं चाक जास्त तापलेलं लागलं की त्याचा ब्रेक धरून बसलाय हे त्यांना कळायचं. ते गेल्यावर हे सगळं मी चालू ठेवलं. दर रविवारी डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी सोडायचं, सांध्यांना ग्रीस मारायचं, स्प्रिंगच्या पाट्यांचे नट आवळायचे. तू विकून टाक म्हणालास तेव्हा मी सांगितलं, वरच्या वस्त्यांवर चारही चाकं ओढणारी गाडीच लागते. ते खरंच आहे. पण त्या उंच सीटवरून उतरताना ‘डॉक्टरीणबाई आल्या’ असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगायची, हेही तितकंच खरं. अडतीस वर्षांची गाडी एकटी बाई सांभाळते, याचा मला माज होता दादा. दुसरा शब्द नाही त्याला.

आता मी तिच्याजवळ जायलाही घाबरते. मागच्या मंगळवारी भर दुपारी मन घट्ट करून सीटवर बसले. नुसतं बसायचं होतं, चावीसुद्धा घेतली नव्हती. पाय ब्रेकवर ठेवला, पेडल खाली गेलं आणि मला दरदरून घाम फुटला. उतरून शेडच्या भिंतीला टेकून उभी राहिले. हल्ली कामांना दूधवाल्याच्या टेम्पोतून जाते. तो उताराला लागला की माझे दोन्ही पाय फळीवर रुततात. दूधवाला हसतो. म्हणतो, बाई, ब्रेक माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

त्या दिवसाबद्दल मी तुला जे सांगितलं, ते घटना म्हणून खोटं नव्हतं. अडलेल्या गाईसाठी वरून निरोप आला होता. सुट्टीला आलेली तुझी भिंगरी माझ्या मागे लागली, मलापण यायचंय, आणि मी तिला नेलं. वासरू आडवं आलेलं होतं. दोन तास गेले, खांद्यापर्यंत हात भरले, पण गाय वाचली आणि वासरूही वाचलं. भिंगरीनं त्याला गोणपाटानं पुसलं. ते उभं राहायला धडपडून तिच्या अंगावर पडलं तेव्हा ती अशी खिदळली की घरच्या मालकिणीला रडू आलं. परत येताना आम्ही दोघी मोठमोठ्यानं गात होतो. एरवी मी त्या उताराला गिअरशेजारचा छोटा दांडा मागे ओढून, सगळ्यात हळू गिअरमध्ये येते. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला फारसं काम उरत नाही. त्या दिवशी मी तिसऱ्यात होते. खुशीत होते म्हणून.

दुसऱ्या वळणाआधी पाय दाबला आणि पेडल थेट फळीला टेकलं. दादा, त्याला आवाज नसतो. काही तुटत नाही, वाजत नाही. पायाखाली काही नसतंच. जिना संपलाय हे अंधारात कळत नाही आणि पाय हवेत पडतो, तसं. मी भराभर चार-पाच वेळा पेडल मारलं, काही नाही. हँडब्रेक ओढला तर जळका वास आला आणि गाडी तशीच पुढे. भिंगरी अजून गातच होती. तिचा आवाज आणि चाकाखालच्या खडीचा आवाज, दोन्ही एकदम मोठे झाले. उजवीकडे दरी होती. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर रेटला. तो इतका करकरला की दात हातात येतात की काय असं वाटलं, पण शेवटी बसला, गाडीनं गचका खाल्ला, वेग थोडा मोडला आणि मी स्टिअरिंग डावीकडे डोंगराच्या अंगावर घातलं. पत्रा किती वेळ घासत होता कोण जाणे. रस्ताकामाच्या खडीच्या ढिगात नाक घालून ती थांबली, आणि मग भिंगरीनं विचारलं, “आत्या, माझा हात असा का दिसतोय?” तिचा डावा हात कोपराखाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. ती रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तू धावत आलास, मला पोटाशी धरलंस आणि म्हणालास, तू होतीस म्हणून माझी पोर वाचली. वहिनीनं माझे हात धरले. सगळे म्हणाले, काय प्रसंगावधान! मी मान खाली घालून ऐकत राहिले. मग कुणीतरी म्हणालं की आठच दिवसांपूर्वी गाडी मिस्त्रींकडे होती, आणि तुझं डोकं फिरलं. तू त्यांच्या गॅरेजवर जाऊन नको नको ते बोललास. ज्यांनी तुला रिकाम्या मैदानात क्लच सोडायला शिकवलं, त्यांना तू खुनी म्हणालास. ते हात पुसत राहिले. मी तुझ्या मागेच उभी होते.

त्या आठ दिवसांपूर्वीचं आता ऐक. पेडल मऊ लागतं म्हणून गाडी मीच त्यांच्याकडे नेली होती. ते खाली शिरले, बाहेर आले आणि म्हणाले, मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं ऑइल गळतंय, रबरं संपलीत. जुनी गाडी, पार्ट मागवावा लागेल, आठवडा जाईल. गाडी इथेच ठेवा. मी म्हटलं, छे, कामं अडतील. तेव्हा ते बाबांच्या आवाजात बोलले, बाई, सपाटीवर फिरवा फारतर, उतार नको, कुणाला बसवून तर मुळीच नको. मी हो म्हटलं. एक बाटली ब्रेक ऑइल घेतलं आणि रोज सकाळी गाडीतली ऑइलची डबी वरपर्यंत भरत राहिले. रोज ती थोडी रिकामी झालेली असायची आणि रोज मी स्वतःला सांगायचे, थोरली मला दगा देणार नाही. गाईचा निरोप आला त्या सकाळी डबी निम्म्याच्या खाली गेली होती. दूधवाल्याचा टेम्पो तासाभरात वर जाणार होता, मी थांबू शकले असते. ती डबी मी पाहिली, दादा. पाहून झाकण लावलं आणि तुझ्या लेकीला शेजारी बसवलं.

मिस्त्रींनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. शाळेनं आपली व्हॅन त्यांच्याकडून काढून घेतली. पूर्वी त्यांच्या दारात चार गाड्या असायच्या, आता एक ट्रॅक्टर आहे. काल मी गेले आणि विचारलं, तुम्ही का बोलत नाही? ते म्हणाले, “मी बोललो तर तुमच्या भावाचं आणि तुमचं तुटेल. तुमच्या वडिलांनी मला पहिला पाना घेऊन दिलाय.” एवढं बोलून ते ट्रॅक्टरखाली शिरले. मी तिथून शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना खरं काय ते सांगितलं. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन तेच लिहून देणार आहे. तू आता माझ्याशी बोलशील की नाही याची भीती वाटते, आणि तुझ्याशिवाय मला आहे कोण, म्हणून जास्तच वाटते.

पण आज, थांबता येईना म्हणून लिहायला बसले ते यातल्या कशासाठीच नाही. परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, भिंगरी बोलेनाशी झालीय, जेवताना मिस्त्रींचा विषय निघाला की ताट सोडून उठते, डॉक्टर म्हणतात धक्का बसलाय, वेळ द्या. दादा, तो धक्का नाही. मिस्त्री मला सांगत होते तेव्हा ती गॅरेजमध्ये माझा हात धरून उभी होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकलाय. प्लास्टर ओलं असताना, तू पोचायच्या आधी, तिनं मला विचारलं, “आत्या, ते काका नको म्हणाले होते ना?” आणि मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, तुझ्या बाबांना सांगायचं नाही हं, आपल्या दोघींचं गुपित. तिनं मान हलवली. गेला सव्वा महिना ती नऊ वर्षांची पोर, तू त्या माणसाला शिव्या घालत असताना, दिलेला शब्द पाळत समोर बसलीय. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी ऐकेन. आधी हे पत्र खाली ठेव, तिच्याजवळ जाऊन बस आणि तिला सांग, आत्यानं सगळं सांगून टाकलंय, आता तुला काही लपवायचं नाही.

तू म्हणशील तोवर, तुझीच,
बहीण