वीतभर रिकामी जागा

पिन्यांव, ८ मार्च १८८१, सकाळी साडेसहा

प्रिय दोमितिलाताई,

आताच शेवटच्या पिंपाचं बूच ठोकलं आणि हात पुसून होडीच्या फळीवर लिहायला बसलो. आई बरी आहे. बदामाचा फुलोरा गळून गेला. नदी मात्र तपकिरी झाली आहे. काल धक्क्याच्या ज्या पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या, त्या आज दिसत नाहीत.

यंदा नेतोय ती वाइन तुझ्या लग्नाच्या वर्षीची. आठवतं? आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून द्राक्षं तुडवत होतो आणि तू हौदाच्या कडेला बसून गात होतीस. रसात अर्धी गोडी शिल्लक असतानाच जुन्या कारभाऱ्यांनी आंबणं थांबवायला कडक अर्क ओतायला लावला होता. ती गोडी अजून तशीच आहे, मी चाखून पाहिली.

जुने कारभारी आता नाहीत. नवे, तेओतोन्युसाहेब, काल धक्क्यावर आले आणि प्रत्येक पिंपात काठी घालून पाहू लागले. वरची वीतभर जागा रिकामी बघून म्हणाले, "ही चोरी कुणाची?" बाबांनी टोपी काढली. "साहेब, होडी खडकावर फुटली तर हवा असलेलं पिंप तरंगतं, माणूस त्याला धरून राहतो. आमच्या आजोबांपासूनची रीत आहे." साहेब हसले. "म्हणजे तुमच्या पोहण्याचं भाडं व्यापाऱ्याने भरायचं? काठोकाठ भरा. नाहीतर माल आगगाडीने जाईल, आणि तुम्ही होडी फोडून चुलीत घाला."

बाबांनी टोपी परत घातली आणि बुचं काढायला सांगितलं. आगगाडी आल्यापासून निम्म्या होड्या धक्क्यावरच कुजताहेत, हे तुला ठाऊक आहे. आम्ही पिंपं भरली. आपला वल्हेकरी ब्राश म्हणाला, "भरा रे, बुडताना घसा कोरडा नको!" कुणी हसलं नाही, तेव्हा तोच शिव्या देत ओझी उचलू लागला.

बाबा मला म्हणाले, "तू उतर, आईजवळ थांब." मी नाही म्हटलं. सुकाणू त्यांचं असलं तरी पुढच्या वल्ह्यावर माणूस कमी आहे, आणि या पाण्यात ते वल्हं रिकामं ठेवता येणार नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

हे पत्र आजच्या गाडीने जाईल, उद्या तुझ्या हाती पडेल. आम्ही उद्या पहाटे निघू आणि परवा दुपारी तुमच्या गावावरच्या खडकाळ धारेला लागू. भाऊजींना सांग, मासेमारी सोडून धारेच्या खाली होडी घेऊन थांबा, दोर बरोबर ठेवा. होडी फुटली की तिकडचे लोक आधी तरंगत्या पिंपांकडे वल्हवतात, कारण माणसं तिथेच सापडतात. त्यांना निक्षून सांग, ताई, या खेपेला पिंपांची वाट पाहू नका. पाण्यात डोकी शोधा. बाबांचं आधी.

तुझाच,
आबील्यु