फाटकावरची पाटी

प्रिय आई,

"सूनबाई, मला आता दिसत नाही, यापुढे बियाणं तू निवड," असं आजोबा तुला म्हणाले, तेव्हा मी सहा वर्षांची होते.

इथे माझं बरं चाललंय, खोकलाही कमी आहे. पण शेताच्या फाटकावर लावलेल्या नव्या पाटीचा फोटो दादाने पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. 'चार पिढ्यांनी जपलेलं बियाणं.' खाली पणजोबा, आजोबा, बाबा आणि दादा.

बाबांनी बियाणं कधी निवडलं गं? कापणीआधी उभ्या पिकात फिरून चांगल्या कणसांना चिंध्या बांधायचीस तू, आणि तेवढीच बियाण्याला ठेवायचीस. माझा शाळेचा फ्रॉकसुद्धा त्यासाठी फाडलास. अशी तीस वर्षं.

दादाला फोनवर झापलं, तर म्हणतो, "अगं, आईच म्हणाली, 'माझं नाव कशाला?'" मग मला तुझाच जास्त राग आला. उद्या त्याच्या मुलीलाही तू हेच शिकवशील.

गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

तू स्वतः दादाला सांग, "पाटी उतरव आणि माझं नाव घाल." तू 'जाऊ दे गं' म्हणणार, मला ठाऊक आहे. तरी मागतेय.

तुझ्यावर रागावलेली,
तुझी धाकटी