माझी गोळी, तिची गोळी

५ फेब्रुवारी
आज पुन्हा कप पडला! लेक दात घासून आली, कप उचलला आणि हाताला एकदम झटका — चहा सगळा अंगावर. भाजलं नाही, देवाची कृपा.
ही करवादली, "तुमची गोळी लागू पडेना तिला." म्हटलं, धीर धर. याच गोळीने मला कितीतरी वर्षं फीट आलेली नाही. आजार बापाचा, तर औषधही बापाचंच चालणार. जवळच्या डॉक्टरांपाशी मीच हट्ट धरला होता, लेकीलाही हीच द्या म्हणून.

९ फेब्रुवारी
झटके वाढले. डॉक्टरांनी गोळीही वाढवली.

१२ फेब्रुवारी
शाळेत फळ्यासमोर पडली. ओठ फुटला. बारा वर्षांची पोर! मला बघून म्हणते, "बाबा, गणित सुटलं होतं पण."

१६ फेब्रुवारी
मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला. मग बाईंनी विचारलं, "ही गोळी कुणी ठरवली?" मी हात वर केला, गावच्या शाळेत करायचो तसा.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फीट दोघांनाही येते, पण प्रकार वेगळा. तुमची फीट ही गोळी आवरते, तिची डिवचते."
डिवचते! आणि मी रोज माझ्या हाताने भरवत होतो.
हिने तिथेच सुनावलं, "एका घरातले म्हणून एकाच मापाच्या चपला घालायच्या का?"
पुढे आणखी पेच. तिच्या प्रकारावर सगळ्यात खात्रीची गोळी आहे, पण मुलगी मोठी होऊन आई व्हायची झाली तर बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून आधी दुसरी देऊन बघायची. जुनी हळूहळू कमी करायची, एकदम नाही. नव्या गोळीने चिडचिड होऊ शकते. लेक म्हणाली, "चिडकी तर मी आहेच." बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

१७ फेब्रुवारी
देवापुढे बसलो. आजवर हात जोडले ते नुसते जोडायला, मागायला नाही. आज मागितलं — तिचं दुखणं मला दे.
नुसत्या तोंडच्या मागण्याला काय अर्थ? माझी गोळी घेतली नाही. आता घेणारही नाही.

४ मार्च
कप नीट धरला. एक थेंब सांडला नाही! देव ऐकतो.

११ मार्च
छापखान्यात पुस्तकं शिवताना क्षणभर कुठे गेलो कळलंच नाही. भानावर आलो तर सुई बोटात. शेजारी पुठ्ठे चिकटवणारा म्हणाला, "काय हो, पुस्तक शिवताय की स्वतःला?" सगळे हसले, मीही हसलो.
घरी ही निरखून बघत होती. "डोळे असे का तारवटलेत? गोळी घेताय ना?"
"घेतो की!"
देवाला दिलेल्या शब्दापायी खोटं बोललो. पण आता घेतली तर शब्द मोडेल, आणि लेकीचं दुखणं परत येईल. डॉक्टरीणबाईंना विचारावं का? त्या काय सांगतील ते ठाऊक आहे. म्हणून विचारत नाही.

१५ मार्च
लेक सकाळी हसतमुख. चहा संपवून रिकामा कप मला उलटा करून दाखवते. तिच्याकडे बघितलं की भीती जाते. ती खोलीबाहेर गेली की परत येते.

२१ मार्च
अक्षर वाकडं येतंय. सकाळी मोरीपाशी पडलो म्हणे. मला काहीच आठवत नाही. लेकीनेच मला कुशीवर वळवलं, आईला हाक मारली. जीभ चावली गेलीय, बोलवत नाही. तरी डोळे उघडताच विचारलं, "तू बरी आहेस ना?"
तेव्हा रडायलाच लागली. रडतच सांगितलं, झटके तिला अजून रोज येतात. थांबेपर्यंत दाराआड उभी राहते, मग येऊन कप उचलते.
"तुम्ही किती खूश होतात, बाबा."