आक्का कॅमेऱ्याकडे बघते

प्रिय दाजी,

पुण्याच्या फिल्म मंडळाचं उत्तर परवा आलं. तुमची फिल्म त्यांना आवडली, ते दाखवणार आहेत. हे ऐकायला तुम्ही हवे होता. पण त्यांनी एक अट घातली आहे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

शेवटी आक्का थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि हाताने तुम्हाला ढकलते, तेवढा तुकडा काढून पाठवा म्हणतात. माणसाने कॅमेऱ्याकडे बघणं ही नवशिक्याची चूक. हे तुमच्या फोटो स्टुडिओत मला तुम्हीच शिकवलंत ना? मग तो तुकडा का ठेवलात? कापायचं, जोडायचं काम मी करतो हे ठाऊक असून काहीच सांगून गेला नाहीत.

फिल्म मुकी, म्हणून मधे घालायला मी पाट्या लिहून आणल्या होत्या, आठवतं? शाळा आठवीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले होते. तुम्ही म्हणालात, "अक्षर मोत्यावानी हाय, दत्तू. पन तुज्या भनीला वाचता येतंय का? तिचाच पिच्चर आन् तिलाच कळंना, आसं कसं?"

तेव्हा मी रुसलो होतो. आता फिल्म बघताना कळतं. आक्काने वळलेल्या विड्या कारखान्यात तपासणारा माणूस तुम्ही दाखवलाच नाही. फक्त त्याचा अंगठीवाला हात, विड्या चुरगाळून बाजूला टाकणारा. मग त्या हातामागे जाणारे आक्काचे डोळे. मग रिकामं सूप. तिथे मी काय लिहिणार होतो?

काल दुपारी खिडकीला चादर लावून अंधार केला आणि आक्काला भिंतीवर फिल्म दाखवली. कापण्याआधी तिने एकदा बघावी, एवढंच मनात होतं. तुम्ही गेल्यापासून ती कामापुरतंच बोलते.

"ह्ये कुटं हायत रं ह्यात?"

"दाजी कॅमेऱ्यामागं हायत, आक्का."

"मंग माज्या काय कामाचं? मला मीच दिसतीया."

तिचं खरं होतं. गावभर फोटो काढत फिरलात, स्वतःचा एक धड काढून घेतला नाहीत! लग्नातला आहे, त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं.

शेवटचा तुकडा आला. भिंतीवरची आक्का घरी येऊन सूप खाली ठेवते, तुमच्याकडे बघते आणि हसू दाबते. माझ्या शेजारची आक्का म्हणाली, "पुन्यांदा लाव."

लावली.

"हितं ह्ये काय म्हनलं ठावं हाय का? तंबाकूचा हात नाकाखाली लागलाय, मिशी आलीया तुला, आता फौजदार हो म्हनलं."

ती हसली. मग तोंडाला पदर लावून रडली, बराच वेळ. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. नंतर डोळे पुसून म्हणाली, "हितं हायत की ह्ये."

फिल्म पुण्यात लागावी म्हणून तुम्ही किती वर्षं थांबलात, ते मी पाहिलं आहे. म्हणून नकाराचं पत्र दोनदा लिहून फाडलं. नकार कळवला तर ते बहुधा फिल्म परतच पाठवतील. तुम्ही माझ्यावर रागवाल का?

आज सकाळी आक्काने विचारलं, "सांच्याला लावशील का रं? गल्लीतल्या बायास्नी बोलीवलंय. सूपं घिऊनच या म्हनलंय, बगत बगत विड्या बी व्हतील."

दाजी, वचन देतो. त्या तुकड्याला मी कात्री लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही. आणि पुढे कधी माझ्या हातात कॅमेरा आलाच, तर समोरच्या माणसाला, इकडे बघू नकोस, असं म्हणणार नाही.

तुमचा मेहुणा,
दत्तू