मेणबत्ती नेणारीच्या स्की

हिंटरमूर, ३० नोव्हेंबर १९९७

चि. लिओनहार्ड यास ओटिलीताईचे आशीर्वाद. वि. वि.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमध्ये मिस्सा आटोपून, चुलीवर बार्लीचं सूप ठेवून लिहायला बसले आहे. ह्यांचा खोकला उतरला आहे. वर बर्फ चांगला धरलाय.

काम असं. आमच्या कोर्बिनियानने लग्न ठरवलं. मुलगी हेन्रिके, लिंझला दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, पण मूळची नॉयझीडल तळ्याकडची. तिकडे सगळ्यांत उंच जागा म्हणजे चर्चचा मनोरा. फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला वरच्या चॅपेलातून आपल्या घराची मेणबत्ती आता तिने आणायची. लग्न झाल्यापासून मीच आणते आहे, पण घरात धाकटी बाई ठरली की लग्नाआधीच मान तिचा. मेणबत्ती कोटाच्या आत, छातीशी धरून स्कीवर उतरायचं. पडलं की ती मोडते, आणि मोडकी मेणबत्ती वर्षभर टेबलावर राहते. येणारा-जाणारा ती बघून जातो.

सुनेच्या स्की सासूने द्यायच्या. माळ्यावरची माझी जुनी जोडी मेण लावून ठणठणीत ठेवली आहे, पण कोर्बिनियान म्हणाला, ती तुझ्याहून म्हातारी दिसते. तेव्हा तुझ्या दुकानातून नवीच पाठव. हेन्रिके माझ्याएवढी उंच. हात वर केल्यावर मनगटाला लागेल अशी हवी. तू विचारशीलच म्हणून लिहिते, मुलगी उत्तम उतरते, तेव्हा उत्तम उतरणाऱ्यांची असते तशीच दे. टोकाशी पसरट, कमरेत बारीक अशा आखूड जोड्या हल्ली आल्यात म्हणे, त्या नकोत. मिस्साच्या वेळी सगळ्यांच्या जोड्या चॅपेलच्या भिंतीला उभ्या असतात आणि येणारं माणूस आधी त्या रांगेकडे बघतं, मग वेदीकडे.

तुझ्या व्हेरोनिकाला आठवण सांग. लोभ आहे तसा ठेव. वाढला तर परत करणार नाही.

तुझी ताई,
ओटिली


इन्सब्रुक, ५ डिसेंबर

ती. ओटिलीताईस सा. न. वि. वि.

जोडी आज बसने पाठवली. लांब, कडक, शर्यतीतली मंडळी वापरतात त्या जातीची. बूट धरून ठेवणारा खटकाही तुझ्या वर्णनाप्रमाणे घट्ट केला आहे.

एक शंका मनात राहिली. आपल्या खोऱ्यातलं माणूस दुकानात आलं की मी विचारतो, कितपत येतं? ‘बरं येतं’ असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. सगळेच उत्तम. मग त्यांतले काही वसंतात कुबड्या घेऊन भेटतात. तू त्यांतली नाहीस असं धरून चाललो आहे.

भाऊजींसाठी पाइनचा मध ठेवलाय, घशाला बरा. डोक्यावरचा हात तसाच असू दे, आणि यंदाच्या नाशपातीच्या पावातला एक माझ्या नावाने बाजूला काढ.

आपला,
लिओनहार्ड


हिंटरमूर, ७ जानेवारी १९९८

चि. लिओनहार्ड यास आशीर्वाद. वि. वि.

तीन राजांचा सण काल झाला. दारावर खडूने अक्षरं काढून झाली. पाव मिळाला असेलच.

जोडी हेन्रिकेला वळत नाही. ती वळायला जाते, जोडी सरळ जाते. परवा लाल खुणेच्या तीव्र उतरणीवर पडली तेव्हा खटका सुटलाच नाही आणि गुडघा पिळवटला. देवाच्या कृपेने लचकण्यावर निभावलं. रडली नाही. जेवताना तिने शांतपणे सांगितलं की सणाला ती तारेवरच्या पाळण्यात बसून उतरेल, मेणबत्ती मीच आणावी. कोर्बिनियान म्हणाला, मीही तिच्याबरोबर पाळण्यात बसेन. मग ताटाकडे बघत म्हणाला की लिंझला एक घर पाहिलंय, तिथेच राहावं असं वाटतं. ह्यांनी चमचा खाली ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला. मग ह्या घराचं पुढे काय?

आता खरं लिहिते. कोर्बिनियानने मला आधीच सांगितलं होतं की ती मधली आहे. निळ्या उतरणी सहज, लाल सांभाळून, काळीवर जातच नाही. पण सासूने सुनेला मधली म्हणायचं, हे आपल्या खोऱ्यात कुणी केलंय? फादरांपाशी कबुली दिली. ते म्हणाले, देवाचं मी बघतो, भावाला तू कळव, स्कीच्या जोड्यांतलं मला काही समजत नाही.

काय करायचं ते लिही. जोडी पुसून, वेष्टनाच्या त्याच कागदात गुंडाळून ठेवली आहे. रागावलास तरी माया सोडू नकोस.

ओटिली


इन्सब्रुक, ११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलो नाही. माझंही चुकलं, शंका आली तेव्हाच फोन करायला हवा होता. ती जोडी बसने परत पाठव. ह्या पत्रासोबत दुसरी येते आहे, आणि ती उघडल्यावर तू नाक मुरडणार म्हणून आधीच लिहितो.

हात वर करून माप घ्यायचं ते आपल्या जुन्या, सरळ पाट्यांचं. ह्या नव्या जोडीचं माप हनुवटीपाशी सुरू होतं आणि नाकापाशी संपतं. हेन्रिके एकशे पासष्ट सेंटीमीटर, म्हणून जोडी एकशे पंचावन्नची. तळवा ठेवतो तिथे ती बारीक आहे, त्यामुळे दाबलेल्या बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते. तिच्या वळणाचा घेर लहान आहे. गुडघे कलले, कड रुतली, की ती आपणच वळते. आणि मऊ आहे. कडक जोडी जोरात जाणाऱ्यालाच वाकते, सावकाश जाणाऱ्याला ती ओढत नेते. त्याहून मऊ, शिकाऊ लोकांची मुद्दाम दिली नाही, ती लाल उतरणीवर थरथरते. खटका तिच्या वजनाला आणि मधलीच्या सवयीला जुळवला आहे. पडली तर सुटेल.

गुडघा बरा झाल्यावर आठवडाभर निळ्या उतरणीवर जाऊ दे. कोर्बिनियानला सांग, मामाने शिकवायला मनाई केली आहे, नुसतं पुढे राहा. इतकं ऐकलंस तर पुढच्या वर्षीही तुझाच भाऊ.

लिओनहार्ड


हिंटरमूर, ३ फेब्रुवारी

चि. लिओनहार्ड यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जोडी बघून मी नाक मुरडलं, हे खरं. हेन्रिकेने ती उभी करून हनुवटीशी लावली आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. रजा वाढवून दोन आठवडे उतरली, पण सणाचं काही बोलली नाही. मी जपमाळ ओढत राहिले. आदल्या संध्याकाळी तिनेच विचारलं की मेणबत्ती कोटाच्या कुठल्या बाजूला धरतात.

काल चॅपेलच्या भिंतीला घराघराच्या जोड्या लागल्या. आमच्या घरच्यांत तिची एवढीशी. सुतारांच्या क्रेझेन्झने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ओटिली, कुणाच्या पोराच्या स्की राहिल्या गं इथे?”

हेन्रिके माझ्याशेजारीच होती. मी म्हटलं, “आमच्या सुनेच्या आहेत. ती मधली उतरणारी आहे, तिला ह्याच बरोबर.”

भोवतीच्या बायकांनी वळून त्या जोडीकडे बघितलं. मग दाराशी उभी पोस्टमास्तरीण म्हणाली, “मधली तर मीसुद्धा आहे बाई.” क्रेझेन्झला अचानक आत जाऊन जागा धरायची आठवण झाली.

उतरताना रांगेत पुढे फादर, मागे आम्ही. कुणी कुणाला ओलांडायचं नाही, हा नियम तिच्या फायद्याचा ठरला. बर्फ रात्री गोठून काचेसारखा झाला होता. कड्याखालच्या वळणावर माझ्या लांब पाट्या घसरल्या आणि मी बसले. ती माझ्या खाली थांबली, काठी पुढे केली, मी उठल्यावर पुन्हा निघाली. एकामागून एक सारखी वळणं घेत गेली, जणू कुणी चमच्याने कोरतंय. पाळण्यात बसणारं आमच्या घरचं कुणी नव्हतं.

मेणबत्तीला एक चीर गेली आहे. उतरताना नाही. खाली मी हेन्रिकेला जवळ घेतलं तेव्हा गेली. टेबलावर तशीच ठेवली आहे.

लिंझच्या घराचा विषय निघाला नाही. आज सकाळी निघाली तेव्हा मी कोर्बिनियानला गाडीच्या टपावर स्की बांधायला दोरी दिली. हेन्रिकेने ती गुंडाळून मला परत दिली. तळघरात जाऊन बघते तर तिने जोडी पुसून, कडांना तेल लावून, माझ्या रोजच्या जोडीशेजारच्या खुंटीला टांगली आहे.

व्हेरोनिकाला आणि तुला आमच्या टेबलावरची जागा राखलेली आहे. माया तेवढी सांभाळ.

तुझी ताई,
ओटिली